न कापलेला फिल्टर

पूर ओसरला की आमच्या घाटांवर पंप सुरू होतात. दोन महिने गंगेनं पायऱ्यांवर आणून टाकलेला गाळ तिच्याच पाण्याच्या जाड धारेनं पुन्हा तिच्यात ढकलायचा, असा तो खटाटोप. पंचगंगेवर, बालाजी घाटावर, आमच्या ब्रह्मा घाटावर दिवसभर एकच आवाज. ओल्या मातीचा वास गल्ली चढून थेट स्वयंपाकघरात येतो आणि आठवडाभर पोळ्यांनासुद्धा तोच वास आहे असं वाटत राहतं. मग एका संध्याकाळी पंचगंगेवर उंच बांबू उभे राहतात. त्यांच्या टोकाला दोरीनं वर ओढलेल्या टोपल्या आणि टोपलीत दिवा. पितरांना वाट दिसावी म्हणून लावलेले आकाशदीप. ते दिसले की समजायचं, कार्तिक लागला.

मला मात्र गेली चार वर्षं कार्तिकात आणखी एक वास येतो. गाडीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाचा. आधी करपलेला, काळपट, आणि मग नव्या डब्याचं बूच उघडल्यावर येणारा गोडसर, लालभडक. हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात. वैदिकांच्या घरातली बाई, शिकवण्या घेणारी, आणि हिला कार्तिकात उदबत्तीच्या जागी तेलाचा वास येतो! हसू देत. त्या कार्तिकात मी जे शिकले ते मला कुठल्याही पोथीनं शिकवलं नव्हतं.

गाडी माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. अक्का दीड वर्षाची असताना तिचा डावा पाय पोलिओनं गेला. तेव्हापासून लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि हातात काठी. आमचे अण्णा घरी विद्यार्थ्यांना वेद शिकवायचे आणि अक्का उंबऱ्यात बसून गणितं सोडवायची. पुढे ती गंगेच्या पुलापलीकडच्या एका मुलींच्या कॉलेजात गणिताची बाई झाली. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की ही जन्मभर कुणाच्या तरी आधारानं जा-ये करणार. शेचाळिसाव्या वर्षी तिनं छावणीतून बदली होऊन चाललेल्या एका फौजी अफसराची जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. उजवा पाय तिचा वाघासारखा. महिनाभरात ती गोदौलियाच्या गर्दीत, सांड, रिक्षा आणि वऱ्हाडं यांच्यामधून गाडी अशी काढायला लागली की मी शेजारच्या सीटवर डोळे मिटून रामरक्षा म्हणायची.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. गल्लीत गाय आणि माणूस समोरासमोर आले तरी एकाला मागे व्हावं लागतं. म्हणून गाडी उभी असते मैदागिनजवळ, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या आवारात. माझ्या पायांनी ते अंतर दहा मिनिटांचं. अक्काला पंचवीस लागतात आणि ती मध्ये कुठेही थांबत नाही.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंचगंगेच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. अक्का लहान असताना अण्णा तिला पाठुंगळी घेऊन आकाशदीप दाखवायला न्यायचे. ती मोठी झाली, अण्णा म्हातारे झाले आणि ते बंद पडलं. घरापासून हाकेच्या अंतरावर असलेले दिवे तिनं पंचवीस-तीस वर्षं पाहिले नव्हते. गाडी आल्यावर पहिल्याच कार्तिकात ती संध्याकाळी कॉलेजातून परतत होती, मी शेजारी होते, आणि राजघाटचा पूल चढताना डाव्या हाताला, लांबवर, नदीच्या वळणावर ते दिसले. लुकलुकणारे बारीक ठिपके, जमिनीपासून उंच. अक्का एकदम म्हणाली, "शालू, जरा मागे हो." मी सीट मागे सरकवली, मान मागे टाकली आणि माझ्या नाकासमोरून तिनं आमच्या घाटाचे दिवे पाहिले. पुलावर थांबता येत नाही. जेवढा वेळ गाडी पुलावर असते तेवढंच दर्शन. तेव्हापासून दर कार्तिकात शक्य तितक्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर पलीकडे जाते आणि येताना पुलावर सीट मागे करते. आमचं कार्तिकस्नान म्हणा हवं तर.

तर त्या वर्षी गाडी घसरायला लागली. म्हणजे इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे जायची नाही. क्षणभर लटकायची, मग मागून कुणी धक्का दिल्यासारखी हिसका देऊन निघायची. पुलाच्या चढावर तर जीव नकोसा व्हायचा. मागे ट्रक भोंगा वाजवतोय, इंजिन किंचाळतंय आणि आम्ही जागच्या जागी. कार्तिक लागला, बांबू उभे राहिले, मी सवयीनं सीट मागे केली. अक्कानं डावीकडे पाहिलंच नाही. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट आणि सगळं लक्ष त्या आवाजाकडे. असे तीन-चार दिवस गेले. मी पुन्हा सीट पुढे घेतली. तिला ते कळलं, मला कळलं की तिला कळलं, आणि आम्ही दोघी घरी येईपर्यंत भाजीच्या गोष्टी बोललो.

कॉलेजची दोन वर्षं उरली होती. शेअर रिक्षात तो बूट घेऊन चढणं-उतरणं तिला जमण्यासारखं नव्हतं. पुण्याहून धाकटा भाऊ श्रीकांत फोनवर म्हणाला, "अक्का, पुष्कळ केलंस. गाडी काढून टाक, आता आराम कर." आराम हा शब्द ऐकला की अक्काचा चेहरा कसा होतो ते त्यानं कधी पाहिलेलं नाही, तो बिचारा फोनवर असतो.

गावातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या माणसानं गिअरबॉक्समधलं तेल मोजायची दांडी काढून कपड्याला पुसली. तेल डांबरासारखं काळं. कधी बदललं होतं, विचारलं. कधीच नाही. फौजी अफसरानं सांगितलं होतं की ह्यातलं तेल जन्मभर चालतं, आणि गणित शिकवणाऱ्या अक्कानं ते कसं काय मान्य केलं देव जाणे! तो माणूस हात झटकून म्हणाला, "मैडम, इसको छूइए मत. पुराने तेल के भरोसे ही खड़ी है. नया डालते ही बैठ जाएगी." आणखी दोघांना विचारलं. दोघांनी तेच सांगितलं. बदललं तर मरेल, नाही बदललं तर हळूहळू मरेल. घरी आल्यावर अक्का म्हणाली, "हे तर माझ्या पायाच्या डॉक्टरांसारखंच झालं," आणि मुलींचे पेपर तपासायला बसली.

लालमणी मिस्त्रींचं नाव छापखान्याच्या चौकीदारानं सांगितलं. पासष्टीचा माणूस, पिकलेल्या मिशा, तोंडात कायम पान. बारा वर्षं आखाती देशात मिस्त्री होते. तिकडे म्हणे सगळ्या गाड्या ऑटोमॅटिकच. आता दुकान वगैरे नाही, कुणी बोलावलं तर हत्यारांची पेटी सायकलला लावून येतात. त्यांनी काहीही हात लावण्याआधी कुल्हडभर चहा मागवला, काठोकाठ भरलेला तो मातीचा कुल्हड आवारातल्या फरशीवर ठेवला आणि वाकून पाहत बसले. मला वाटलं, काय हा विचित्र माणूस, चहा प्यायचा सोडून त्याच्याकडे बघतोय. "जमीन बराबर हौ," ते म्हणाले आणि मग चहा प्यायले. तेलाची पातळी पाहायची तर गाडी सपाट जागी हवी, हे नंतर समजलं.

वर्कशॉपवाल्यांचं म्हणणं आम्ही त्यांच्या कानावर घातलं. लालमणी हसले. "बात झूठ ना हौ बहिन जी, बाकी पूरा सच भी ना हौ. जौन गाड़ी भीतर से मर चुकल हौ, ओकर नाम तेल पर लग जाला." आतल्या प्लेटाच झिजून गेल्या असतील तर नवं तेल काही करू शकत नाही, आणि लोक म्हणतात तेलानं मारली. झिजल्या नसतील तर नवं तेल तिला वाचवेल. हे कळायचं कसं? गिअरबॉक्सच्या तळाला एक पसरट ताट असतं, बोल्टांनी आवळलेलं. त्यात लोहचुंबकाच्या चार चकत्या. वर्षानुवर्षं झिजलेलं लोखंड त्यांना चिकटतं. काजळासारखी मऊ पूड असेल तर चांगलं. कण, कीस, तुकडे असतील तर गाडीला हात जोडायचे.

आणि अजून एक. ताट काढलं तरी निम्मंच तेल निघतं, निम्मं आत एका गोल भांड्यात अडकून राहतं. "एक बेर में ना निकली. तीन बेर करे के पड़ी. आज, फिर दस-पंद्रह दिन चला के, फिर ओकरे बाद." मी म्हटलं, तीन खेपांत? घाण आत ठेवून वर नवं तेल ओतायचं हे कसलं काम? अक्का मात्र खुशीत आली. "अगं, ही संथा आहे," ती मला म्हणाली. अण्णा विद्यार्थ्यांना एकेक ओळ देत, मुलं ती पुन्हा पुन्हा म्हणत, एका बैठकीत कुणी कधी संहिता पाठ केलेली नाही. उंबऱ्यात बसून तिनं ते सगळं ऐकलं होतं. मुलींना गणितही ती तसंच शिकवते. कुणाचंही डोकं एकदम रिकामं होत नाही आणि एकदम भरतही नाही, असं तिचं म्हणणं.

पहिल्या दिवशी दुपार कलताना काम सुरू झालं. गाडी ठोकळ्यांवर चढवली, लालमणी खाली सरकले आणि काळ्या तेलाची धार घमेल्यात पडू लागली. करपल्याचा तो वास! ताट निघालं, जुना फिल्टर निघाला. तोवर ऊन गेलं. आत राहिलेलं तेल थेंब थेंब गळू दे, आणि चुंबक उद्या सकाळी उजेडात पाहू, असं ते म्हणाले. फिल्टर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवला. ताट माझ्या हातात देऊन म्हणाले, "छोटकी बहिन जी, एके ढाँक के रख दीजिए."

झाकून ठेवा. एवढंच सांगितलं होतं हो त्यांनी!

आवारात धूळ, कुत्री. मी म्हटलं, घरी न्यावं. पिशवीत घालून नेलं. आता कार्तिकात आमच्या घरी काय चालतं ते सांगते. सकाळ-संध्याकाळ देवाची भांडी निघतात, चिंच आणि राख लावून घासायची, आणि शेवटी तांब्यातल्या गंगाजळानं विसळायची. पन्नास वर्षं हाच परिपाठ. त्यात मला रिकामं बसवत नव्हतं. अक्का आत एकच पेपर पुन्हा पुन्हा तपासत होती, श्रीकांतचा पुन्हा फोन येऊन गेला होता, आणि मोरीत ते काळंकुट्ट ताट माझ्याकडे बघत होतं. माझ्या बहिणीच्या गाडीचा जीव ज्यात आहे ते भांडं असं ओंगळ ठेवायचं? मी पदर खोचला. चार चकत्या काढल्या, त्यांच्यावरचा करडा लगदा नारळाच्या शेंडीनं खरवडला, ताटाला चिंच लावली, राख लावली, मनगट दुखेपर्यंत घासलं आणि गंगाजळानं विसळून देव्हाऱ्याशेजारी पालथं घातलं. चकत्या डाळीच्या डब्याला आपोआप चिकटल्या, त्याचं मला कोण कौतुक!

सकाळी मी ते ताट लालमणींपुढे धरलं. त्यात तोंड दिसत होतं.

ते पानाची पिंक टाकून आले, पुन्हा ताटाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "बहिन जी, आप त रिपोर्टै धो दिहलीं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. पूड होती की तुकडे होते, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. मोरीतली राख आता चिवडून काय उपयोग? राखेत राख, काय दिसणार! वर पाण्याचा एक थेंबसुद्धा ह्या गिअरबॉक्सला विषासारखा, म्हणून ते ताट पेट्रोलनं पुसून उन्हात ठेवावं लागलं ते वेगळंच. पन्नाशीची बाई मी, छापखान्याच्या पायरीवर बसून मुलीसारखी रडले. अक्काची एकच गोष्ट होती जगात, आणि तिचं भविष्य मी चिंच लावून घासलं होतं.

लालमणींनाच माझी दया आली. म्हणाले, एक उपाय आहे. मोठे तुकडे असतील तर थोडे जुन्या फिल्टरच्या जाळीतही अडकलेले असणार. तो कापून पाहू. त्यांनी गुंडाळी सोडली, पेटीतून पत्रा कापायची कात्री काढली. मी डोळे पुसून पुढे झाले.

"रहने दीजिए," अक्का म्हणाली.

ती गाडीला टेकून उभी होती. काठी बोनेटवर ठेवलेली. "पहले नया फिल्टर लगाइए. तेल भरिए."

"अक्का, बघून तर घेऊ," मी म्हटलं.

"बघून काय करणार? तुकडे निघाले तर जुनं तेल परत भरणार आहेस? नाही ना? मग जे करायचंय ते मालूम आहे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "शालू, माझ्या पायाचे किती रिपोर्ट काढले अण्णांनी. लखनौ, मुंबई, सगळीकडे नेलं. एका तरी रिपोर्टानं मला चालवलं का? प्रत्येक वेळी घरी आल्यावर अण्णा दोन दिवस जेवायचे नाहीत. मी तोवर काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन यायची."

हे तिनं मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. एका घरात, एका मोरीवर, एका देव्हाऱ्यासमोर आम्ही पन्नास वर्षं काढली होती.

लालमणींनी कात्री पेटीत ठेवली. मी पळत घरी जाऊन डाळीच्या डब्यावरून चकत्या काढून आणल्या. नवा फिल्टर बसला, ताट बसलं. बोल्ट त्यांनी एका ओळीत नाही आवळले. एक इकडचा, मग समोरचा, थोडा थोडा, फेरी फेरीनं. मग नवं तेल. ते लाल असतं हे मला माहीतच नव्हतं. दसऱ्याच्या कुंकवासारखं लाल. जेवढं निघालं होतं बरोबर तेवढं मापून त्यांनी नरसाळ्यातून सोडलं. अक्का आत बसली, इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबून गिअरचा दांडा एकेका खाचेत थांबवत खाली आणला, पुन्हा वर नेला, पुन्हा खाली. मग ब्रेकवरचा पाय उचलला.

काही नाही. गाडी जागची हलली नाही.

मी लालमणींकडे पाहिलं. ते उकिडवे बसून चाकाकडे पाहत होते. "धीरज धरीं. तेल अबहीं आपन रस्ता खोजत हौ." मी पुटपुटायला सुरुवात केली आणि मलाच कळेना मी काय म्हणतेय. आणि मग गाडी सरकली. हिसका नाही, ओरडणं नाही. पुराच्या पाण्यावर सोडलेली नाव सरकते तशी ती छापखान्याच्या फाटकाकडे निघाली. आवाराच्या टोकाला जाऊन अक्कानं ब्रेक दाबला आणि काच खाली करून मागे पाहिलं. पायावरून असो, कॉलेजवरून असो, कशावरूनही मी तिला कधी हसता हसता रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

बाकीच्या दोन संथा त्याच कार्तिकात झाल्या. दुसऱ्या वेळी निघालेलं तेल काळं नव्हतं, काताच्या पाण्यासारखं होतं. तिसऱ्या वेळी जवळजवळ लालच. दोन्ही वेळा ताट काढल्यावर लालमणींनी ते स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवलं आणि मला चार पावलं लांब बसवलं. चुंबकांवर काजळासारखी पूड होती. पण ती नवी झीज. जुन्या अठरा वर्षांचं काय होतं, ते त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलंच राहिलं.

आता अक्का निवृत्त झाली आहे. पुलापलीकडच्या मुलींनी तिला सोडलेलं नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस ती जातेच. ती गुंडाळी अजून डिकीत आहे, स्टेपनीच्या बाजूला. गेल्या आठवड्यात लालमणी पुन्हा आले, चार वर्षं झाली, तेल बदलायची वेळ झाली म्हणून. डिकी उघडल्यावर त्यांना ती दिसली. मिशीत हसून म्हणाले, "बहिन जी, अब त काट के देख लीं?" अक्कानं मान हलवली आणि त्यांना चहा दिला, काठोकाठ भरलेला. त्यांनी तो आधी फरशीवर ठेवला.

कधी कधी मला वाटतं, तुकडे होतेच आत. मूठभर असतील. त्या वर्कशॉपवाल्याचं बरोबरही असेल. तरी गाडी चालली. कधी वाटतं, काहीच नव्हतं, आम्ही उगीच घाबरलो. दोन्ही मनात ठेवून मी भांडी घासते. ताटं, तांबे, पंचपात्री. हात चालू असताना ते विचार त्रास देत नाहीत.

काल संध्याकाळी परत येताना पूल लागला. नवं तेल, गाडी चढावर एकसारखी, समोर ट्रकाचे लाल दिवे. थंडी नुकती सुरू झालेली, नदीवर जरासं धुकं. मी विचारलं, "अक्का, खरं सांग. त्या फिल्टरात काय आहे हे बघावंसं तुला कधीच वाटलं नाही? रिपोर्ट बघावासा?"

"रोज बघते की, ह्याच चढावर," ती म्हणाली. "आता जरा मागे हो. दिवे दिसू देत."